मधुमेही मुलांच्या हाडांची मंद उलाढाल

टाइप-१ मधुमेह झालेल्या मुलाच्या फाइलमध्ये रक्तातील साखरेचे आकडे, दर तीन महिन्यांची एचबीए-वन-सी चाचणी, लघवीतील प्रथिन, डोळ्यांची तपासणी आणि थायरॉइडचा अहवाल यांना ठरलेली जागा असते. हाडांना मात्र तशी जागा अजून मिळालेली नाही. याचे कारण उघड आहे. या आजारात हाडांची तक्रार लहानपणी सहसा समोर येत नाही. ती येते पुढे, प्रौढपणी, जेव्हा खुब्याचे हाड अशा वयात मोडते की ज्या वयात ते मोडण्याचे काही कारण नसते. प्रौढ टाइप-१ मधुमेहींमध्ये खुब्याच्या अस्थिभंगाचा धोका इतरांच्या सहा ते सातपट असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र संकलनांतून दिसून आले. ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींच्या आधारे २०१५ साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर जन्मापासून वार्धक्यापर्यंतच्या सर्व वयोगटांचा मागोवा घेतला गेला आणि अस्थिभंगाचा हा जादा धोका विसाव्या वर्षाच्या आतच, थोड्या प्रमाणात का होईना, सुरू झालेला असतो असे आढळले. म्हणजे चाळिशी-पन्नाशीत उघडकीला येणाऱ्या या दोषाचे मूळ ज्या वयात हाड घडत असते त्या वयात शोधावे लागते, आणि तेथे डोळ्यांना दिसण्याजोगे काही नसल्यामुळे रक्तातील खुणांकडे वळावे लागते.

हाडांकडे लक्ष गेले नव्हते असे मात्र नाही. टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९२७ साली, मॉरिसन आणि बोगन यांनी मधुमेही मुलांच्या हाडांच्या क्ष-किरण तपासणीवर निबंध प्रसिद्ध केला आणि जुन्या, नीट आटोक्यात नसलेल्या मधुमेहात हाडांची वाढ मागे पडते, हे नोंदवले. त्याआधी हा प्रश्न उद्भवण्याइतकी ही मुले जगतच नव्हती. इन्शुलिनने त्यांना आयुष्य दिले, आणि आयुष्याबरोबर हाडांची चिंताही आली. परंतु साध्या क्ष-किरण चित्रात हाडाची झीज दिसायला त्यातील खनिजाचा सुमारे तिसरा हिस्सा आधी नाहीसा व्हावा लागतो, त्यामुळे ती वाट फार पुढे गेली नाही.

हाड बाहेरून स्थिर वाटले तरी आतून ते सतत मोडले आणि पुन्हा बांधले जात असते. जुने हाड विरघळवून काढणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात आणि त्या जागी नवे हाड रचणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट. एका ठिकाणचे खोदकाम सुमारे तीन आठवड्यांत आटोपते, पण तो खड्डा भरून त्यात खनिज बसायला तीन-चार महिने लागतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. या अखंड व्यवहाराला हाडांची उलाढाल म्हणणे सर्वांत सोयीचे, कारण दुकानाच्या हिशेबात शिल्लक माल आणि उलाढाल या जशा दोन वेगळ्या गोष्टी असतात तशाच त्या येथेही असतात. हाडाची घनता मोजणारे डेक्सा यंत्र शिल्लक सांगते. रक्तातील निर्देशक उलाढाल सांगतात. गोदाम भरलेले असून धंदा थंडावलेला असू शकतो, आणि मधुमेही मुलांच्या बाबतीत नेमके हेच घडत असावे, असे आजवरचा पुरावा सुचवतो.

मुलांच्या हाडांत या व्यवहाराला आणखी दोन पदर असतात. लांब हाडांच्या टोकांना असलेल्या वाढीच्या कूर्चेपासून हाड लांब होत जाते, आणि त्याच वेळी बाहेरच्या बाजूने थर चढत, आतल्या बाजूने पोकळी मोठी होत त्याची जाडी आणि घडण बदलत जाते. ही घडणीची क्रिया प्रौढांत जवळजवळ थांबलेली असते. रक्ताच्या एका थेंबात मात्र लांबी वाढण्याचा, घडण बदलण्याचा आणि जुने काढून नवे बसवण्याचा असा तिन्हींचा हिशेब एकत्र झालेला असतो, आणि नेहमीच्या वापरातील चाचण्यांतून तो वेगळा काढता येत नाही. लहान मुलांच्या अहवालाचा अर्थ लावताना होणाऱ्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळे होतात.

हे निर्देशक म्हणजे प्रत्यक्षात काय असतात, हे पाहण्यासाठी कोलॅजनची रचना जवळून पाहणे आवश्यक आहे. हाडाच्या सेंद्रिय भागाचा सुमारे ९० टक्के हिस्सा टाइप-१ कोलॅजन या प्रथिनाचा असतो. त्याचे तीन धागे एकमेकांभोवती वळून काथ्याच्या दोरीसारखा पीळ तयार होतो आणि त्या दोऱ्यांच्या जाळीत कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसतात. ऑस्टिओब्लास्ट पेशी हा पीळ तयार करून बाहेर टाकते तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना जादा तुकडे शिल्लक असतात. पीळ जाळीत बसण्यापूर्वी विकरे हे तुकडे कापून टाकतात आणि ते रक्तात मिसळतात. सुतारकामात रंध्याखाली पडलेल्या भुशावरून दिवसभरात किती लाकूड घडवले गेले याचा अंदाज बांधता यावा, तसा यांपैकी एका टोकाच्या तुकड्यावरून, म्हणजे पी-वन-एनपी या निर्देशकावरून, नव्या हाडाच्या बांधणीचा अंदाज येतो. उलट ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड विरघळवते तेव्हा कोलॅजनच्या शेपटाकडील, आडव्या बंधांनी जोडलेला भाग तुटून बाहेर पडतो. त्यातील आठ अमिनो आम्लांची एक विशिष्ट साखळी चाचणीतील प्रतिपिंडे ओळखतात, आणि तिच्या प्रमाणाला सीटीएक्स म्हणतात. प्रयोगशाळेच्या अहवालात हीच चाचणी पुष्कळदा बीटा-क्रॉसलॅप्स या नावाने छापलेली असते. यातील ‘बीटा’ हे अक्षर निव्वळ शोभेचे नाही. या साखळीतील अ‍ॅस्पार्टिक आम्ल हाड जुने होत जाते तसे आपली जोडणी हळूहळू बदलते, नव्या हाडात ते एका रूपात असते आणि जुन्या हाडात दुसऱ्या, आणि नेहमीची चाचणी या दुसऱ्या, म्हणजे वय झालेल्या रूपाचीच मोजदाद करते. आंतरराष्ट्रीय अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस) प्रतिष्ठान आणि चिकित्सालयीन रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी २०११ साली बांधणीसाठी पी-वन-एनपी आणि झिजेसाठी सीटीएक्स हे संदर्भ-निर्देशक म्हणून वापरावेत अशी शिफारस केली. ती करताना नजरेसमोर प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया होत्या, मुले नव्हती.

बांधणीचे आणखी दोन निर्देशक वापरात आहेत. एक हाडाचा अल्कलाइन फॉस्फेटेज, ज्याच्या चाचणीत यकृतातील त्याच जातीच्या विकराची थोडी भेसळ होते, आणि दुसरा ऑस्टिओकॅल्सिन, ज्याच्याविषयी पुढे सविस्तर सांगावे लागेल. याखेरीज हाडाच्या आत बंदिस्त झालेल्या ऑस्टिओसाइट पेशी स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन सोडून बांधणीला लगाम घालतात. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानर कुटुंबांतील एका दुर्मीळ आनुवंशिक विकारात हाडे प्रमाणाबाहेर जाड होत जातात. त्या विकाराचे मूळ शोधताना या प्रथिनाचा पत्ता लागला. मधुमेही मुलांतील त्याच्या प्रमाणाविषयीचे निष्कर्ष अजून परस्परविरोधी असल्यामुळे त्यावर काही उभारण्यात अर्थ नाही.

मधुमेही मुलांमध्ये या आकड्यांचे काय होते, याचे एक बोलके उदाहरण जिनिव्हा येथील आहे. तेथील संशोधकांनी २०१० साली, ज्यांचा मधुमेह चांगला आटोक्यात होता अशा मुलांची आणि किशोरांची निरोगी मुलांशी तुलना केली, तेव्हा हाडांच्या घनतेत फरक आढळला नाही. परंतु बांधणीचे आणि झिजेचे, दोन्ही बाजूंचे निर्देशक मधुमेही मुलांत खाली होते. पुढे २०१९ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी मुलांवरील उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले आणि ऑस्टिओकॅल्सिन व सीटीएक्स ही दोन्ही मधुमेही मुलांत सरासरीने कमी असल्याचे दाखवले. इतर निर्देशकांबाबत चित्र इतके एकसारखे नव्हते. या निष्कर्षातील वेगळेपण नीट लक्षात घ्यायला हवे. रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेत उलाढाल वाढते आणि तिच्यात खर्च जमेपेक्षा जास्त होतो, म्हणून तेथे सीटीएक्स खाली येणे हे उपचार लागू पडल्याचे लक्षण मानतात. मधुमेही मुलात मात्र जमा आणि खर्च दोन्ही मंदावलेले असतात, आणि तेथे खाली आलेल्या सीटीएक्सकडे पाहून हाड सुरक्षित आहे असा निर्वाळा देणे म्हणजे बंद पडत चाललेल्या दुकानात उधारी थकत नाही म्हणून समाधान मानण्यासारखे आहे.

ही मंदी का येते, याचे उत्तर एका कारणात सापडत नाही, परंतु सर्व वाटा इन्शुलिनपाशी येऊन मिळतात. ऑस्टिओब्लास्ट पेशींवर इन्शुलिनचे ग्राही असतात. उंदरांच्या या पेशींतून ते ग्राही काढून टाकले तर हाडांची भर कमी पडते, असे २०१० साली प्रयोगांतून दिसून आले. दुसरी वाट यकृतातून जाते. निरोगी शरीरात स्वादुपिंडातून निघालेले इन्शुलिन थेट यकृताच्या प्रवेशिका शिरेत उतरते, त्यामुळे यकृताला ते उर्वरित शरीरापेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात मिळते, आणि त्याच्या जोरावर यकृत वृद्धिसंप्रेरकाला प्रतिसाद देऊन आयजीएफ-१ नावाचा वाढीचा घटक तयार करते. इंजेक्शनचे इन्शुलिन पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखालून सर्व शरीरात पसरते आणि यकृतापर्यंत इतरांइतकेच पोहोचते, म्हणून साखर बरी राहिली तरी यकृताच्या वाट्याला तुटवडाच येतो, आयजीएफ-१ कमी राहते आणि वृद्धिसंप्रेरक मात्र भरपाईसाठी चढते. वयात येताना हाडाची जी झपाट्याने वाढ व्हायची असते ती मुख्यतः याच घटकावर अवलंबून असते. चांगल्या नियंत्रणातील जिनिव्हाच्या मुलांतही मंदी का आढळावी, याचा एक संभाव्य खुलासा या शारीरिक वळणवाटेत आहे. पेनच्या सुईने दिलेले इन्शुलिन नैसर्गिक इन्शुलिनची जागा घेते, पण त्याची वाट घेऊ शकत नाही.

याखेरीज साखर जास्त असताना लघवीवाटे पाण्याबरोबर कॅल्शियमही अधिक जाते, अस्थिमज्जेतील मूळ पेशींचा ओढा हाडाच्या पेशी होण्याऐवजी चरबीच्या पेशी होण्याकडे वळतो, आणि कीटोअ‍ॅसिडोसिसच्या प्रसंगी रक्त आम्लधर्मी झाल्याने बांधणाऱ्या पेशी दबतात व विरघळवणाऱ्या पेशींना चालना मिळते. म्हणूनच निदानाच्या वेळी, इन्शुलिन सुरू होण्याआधी, घेतलेले रक्त आणि उपचारानंतर काही महिन्यांनी घेतलेले रक्त यांची सरमिसळ करणाऱ्या अभ्यासांतून धड निष्कर्ष निघत नाही. उपचार सुरू झाल्यावर ऑस्टिओकॅल्सिन वर येते हे पुष्कळदा दिसले आहे, फक्त ते निरोगी मुलांच्या पातळीला नेहमीच गाठत नाही.

ऑस्टिओकॅल्सिनची कथा या विषयातील सर्वांत रंजक आणि सर्वांत सावधपणे वाचण्याजोगी आहे. अवघ्या ४९ अमिनो आम्लांचे हे प्रथिन ऑस्टिओब्लास्ट पेशीच तयार करते. जीवनसत्त्व के च्या मदतीने त्यावर जादा आम्लगट बसले की ते हाडातील कॅल्शियमला घट्ट चिकटते, आणि ते गट न बसलेला अंश रक्तात फिरत राहतो. न्यूयॉर्क येथील जेरार्ड कारसेंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली असे मांडले की हा फिरणारा अंश स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्यास उद्युक्त करतो, म्हणजे सांगाडा हाही एक अंतःस्रावी अवयव आहे. कल्पना मोहक होती. मधुमेहात इन्शुलिन नाही म्हणून हाड मंद, हाड मंद म्हणून ऑस्टिओकॅल्सिन कमी आणि ते कमी म्हणून साखर आणखी बिघडलेली, असे एक वर्तुळ त्यातून पूर्ण होत होते, आणि पुढची दहा-बारा वर्षे मधुमेही मुलांवरील कित्येक निबंधांनी आपल्या आकड्यांचा अर्थ या वर्तुळात बसवला. परंतु २०२० साली दोन वेगळ्या संशोधकगटांनी नव्याने तयार केलेले ऑस्टिओकॅल्सिनविरहित उंदीर तपासले, तेव्हा त्यांच्या साखरेत अपेक्षित बिघाड आढळला नाही. वाद अजून मिटलेला नाही. तोवर मधुमेही मुलातील कमी ऑस्टिओकॅल्सिनला हाडाच्या मंद बांधणीची खूण मानावे आणि मधुमेहाचे कारण मानू नये, हेच शहाणपणाचे. शिवाय टाइप-१ मध्ये इन्शुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असल्यामुळे त्यांना उद्युक्त करण्याचा प्रश्न फारसा उरतही नाही.

उलाढाल मंद असणे घातक का, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो, कारण जमा आणि खर्च सारखेच कमी झाले तर शिल्लक कायम राहायला हवी. याचे उत्तर एचबीए-वन-सी या परिचित चाचणीच्या तत्त्वातच दडलेले आहे. रक्तातील साखर हिमोग्लोबिनला विकरांच्या मदतीशिवाय, आपोआप चिकटते, आणि तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे त्या चिकटलेल्या साखरेवरून मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब लागतो. हीच साखर कोलॅजनलाही चिकटते. मात्र हाडातील कोलॅजन महिने नव्हे, वर्षानुवर्षे जागचे हलत नाही, त्यामुळे तेथे रासायनिक बदल पुढे सरकत जाऊन शेजारशेजारच्या धाग्यांमध्ये नको असलेले आडवे बंध तयार होतात. त्यांपैकी पेंटोसिडीन हा बंध सर्वांत जास्त अभ्यासला गेला आहे. विकरांनी योजून बांधलेले बंध दोरीला ताकद आणि लवचिकपणा देतात. साखरेने आपोआप बांधलेले बंध तिला ताठ करतात, आणि ताठ दोरी ताण पडताच वाकत नाही, तुटते. उलाढाल वेगात असती तर असे कोलॅजन वेळीच काढून टाकले गेले असते. ती मंद असल्यामुळे ते तसेच साठते, आणि साठलेल्या कोलॅजनवर विरघळवणाऱ्या पेशींचे कामही नीट चालत नसावे, असे प्रयोगशाळेतील पुरावा सुचवतो. घनतेचा आकडा चांगला असूनही हाड मोडते याचे स्पष्टीकरण बहुधा येथेच आहे. मात्र पी-वन-एनपी किंवा सीटीएक्स यांतून या ताठरपणाविषयी काहीच कळत नाही. उलाढालीचा वेग त्यांतून कळतो, मालाचा कस कळत नाही.

या आकड्यांचा एकेकट्या मुलाच्या बाबतीत अर्थ लावणे किती अवघड असते, हे दोन काल्पनिक मुलींच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. दोघी १३ वर्षांच्या, दोघींना पाच वर्षांपासून मधुमेह आणि दोघींचे पी-वन-एनपी अगदी सारखे. पहिलीची मासिक पाळी सुरू होऊन दीड वर्ष झाले आहे आणि तिची उंची आता वर्षाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वाढते. दुसरीची पाळी अजून सुरू व्हायची आहे आणि ती उंचीच्या ऐन झेपेत आहे. जो आकडा पहिलीसाठी तिच्या टप्प्याला साजेसा आहे तोच दुसरीसाठी चिंताजनक रीतीने कमी ठरू शकतो. वयात येण्याच्या काळात मुलांचे निर्देशक प्रौढांच्या कित्येक पटींनी चढतात, मुलींत साधारण बाराव्या आणि मुलग्यांत चौदाव्या वर्षाच्या आसपास शिखर गाठतात, आणि मग झपाट्याने उतरतात. नीट नियंत्रणात नसलेल्या मधुमेहात वयात येणे लांबू शकते, त्यामुळे वरवर मधुमेहाचा वाटणारा परिणाम कधी कधी केवळ वयात येणे लांबल्याचा असतो. म्हणून केवळ वयानुसार छापलेली सामान्य मर्यादा पुरेशी नसते. लैंगिक वाढीचा टप्पा, उंची आणि तिच्या वाढीचा वेग हे शेजारी मांडल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. पुष्कळ प्रयोगशाळा तर मुलाच्या अहवालावरही प्रौढांचीच मर्यादा छापतात, आणि मग निरोगी मुलाच्या आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘जास्त’ असा शेरा येतो आणि मधुमेही मुलाचा खाली आलेला आकडा ‘योग्य’ ठरतो.

नमुना कसा घेतला यावरही बरेच अवलंबून असते. सीटीएक्स पहाटे सर्वांत वर आणि दुपारी सर्वांत खाली असते, शिवाय जेवल्यानंतर ते जवळजवळ निम्म्यापर्यंत घसरू शकते. त्यामुळे ते सकाळी उपाशीपोटीच तपासायला हवे, आणि दुपारच्या बाह्यरुग्ण विभागात, डबा खाऊन आलेल्या मुलाचे रक्त घेऊन काढलेला आकडा जवळपास निरर्थक असतो. मधुमेही मुलाला फार वेळ उपाशी ठेवणे जोखमीचे असल्यामुळे ही वेळ सकाळची पहिलीच ठेवावी लागते, साखर तपासून घ्यावी लागते आणि रात्रीचे दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन बंद करून चालत नाही. पी-वन-एनपीवर वेळेचा आणि जेवणाचा परिणाम फारच थोडा होतो, म्हणून मुलांसाठी ते अधिक सोयीचे. ऑस्टिओकॅल्सिन सर्वांत नाजूक. नळी साध्या तापमानात ठेवली किंवा तांबड्या पेशी फुटून रक्तद्रव लालसर झाला तर ते नष्ट होऊ लागते, त्यामुळे नमुना बर्फात ठेवून लगोलग वेगळा करावा लागतो, आणि तालुक्याच्या संकलन केंद्रातून दुपारच्या गाडीने शहरात पाठवलेल्या नळीतील ऑस्टिओकॅल्सिन कमी निघाले तर दोष मधुमेहाचा की प्रवासाचा हे सांगता येत नाही. मागील काही महिन्यांत हात मोडला असेल तर बांधणीचे निर्देशक त्या जखमेमुळेच चढलेले असतात, हे विचारून घेण्याचे भान तर हमखास सुटते.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार २० वर्षांखालील टाइप-१ मधुमेहींची सर्वाधिक संख्या, सुमारे २ लाख २९ हजार, भारतात होती. पुण्यातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत अशा मुलांच्या हाडांचा अभ्यास बरीच वर्षे चालू आहे. तेथे डेक्साबरोबरच हाडाचा आडवा छेद दाखवणाऱ्या यंत्राचाही वापर होतो, आणि आजार जितका जुना तितकी हाडांची भर मागे पडत जाते असे तेथील संशोधनाचे एकूण सूत्र आहे. डेक्सा हाडाची केवळ सावली मोजत असल्याने बुटक्या मुलाचे हाड त्याला उगाच विरळ भासते, त्यामुळे उंची कमी पडलेल्या मुलांत आडव्या छेदाची तपासणी विशेष उपयोगी ठरते. येथील मुलांत ड जीवनसत्त्वाचा तुटवडा आणि आहारातील कॅल्शियमची कमतरता सर्रास आढळते, आणि निर्देशकांच्या दृष्टीने ही गोष्ट फसवी ठरते: ड जीवनसत्त्व कमी पडले की अल्कलाइन फॉस्फेटेज वर जातो, मधुमेहामुळे बांधणी मंदावली की तो खाली ओढला जातो, आणि दोन दोष परस्परांना झाकून अहवालात एक निर्दोष आकडा उमटू शकतो. त्यातच टाइप-१ मधुमेह असलेल्या शंभर मुलांपैकी पाच-सहा जणांना गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिअ‍ॅक रोगही असतो, ज्यात आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलेच जात नाही. हाडांचे निर्देशक तपासण्याआधी त्याची तपासणी झालेली असणे अधिक महत्त्वाचे.

आहाराच्या बाबतीत महाराष्ट्रात नाचणीचे नाव हटकून घेतले जाते आणि ते रास्तही आहे, कारण १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, जे इतर कोणत्याही भाकरीच्या धान्यात नाही. परंतु एका भाकरीला लागणाऱ्या मूठ-दोन मूठ पिठातून त्यातील दीडशे-दोनशे मिलिग्रॅमच मिळते, तर किशोरवयाची रोजची गरज ८५० ते १०५० मिलिग्रॅमची आहे. शिवाय ‘नाचणी मधुमेहाला चालते’ या समजुतीने तिच्यातील पिष्टाचा हिशेब सोडून देता येत नाही. भाकरी नाचणीची असो वा ज्वारीची, इन्शुलिनची मात्रा त्या हिशेबानेच ठरवावी लागते. दूध, दही, तीळ आणि पालेभाज्या यांची जोड दिल्याशिवाय ही बेरीज पूर्ण होत नाही.

या सर्वांमुळे हे निर्देशक आज गटांच्या तुलनेसाठी, म्हणजे संशोधनासाठी, मोलाचे आहेत आणि एका मुलाविषयी निकाल देण्यासाठी तोकडे. मुलांतील अस्थिसुषिरतेचे निदानही त्यांच्यावरून होत नाही. मणक्याचे हाड मोठ्या आघाताशिवाय दबलेले असणे, किंवा घनतेचा आकडा वय आणि लिंगानुसार बराच खाली असून शिवाय लांब हाडे वारंवार, दहाव्या वर्षापर्यंत दोन वा १९ व्या वर्षापर्यंत तीन वेळा, मोडलेली असणे, हे त्याचे मान्य निकष आहेत. कमी पी-वन-एनपी पाहून मुलाला हाडाचे औषध सुरू करणे तर अनुचितच, कारण प्रौढांत सर्वाधिक वापरली जाणारी बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे उलाढाल मंदावण्याचेच काम करतात, आणि येथे ती आधीच मंदावलेली आहे.

जी गोष्ट हाडाच्या बांधणीला निश्चितपणे चालना देते ती औषधाच्या दुकानात नाही. जिनिव्हाच्या त्याच संशोधकांनी २०१२ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला: मधुमेही आणि निरोगी अशा दोन्ही गटांतील काही मुलांना नऊ महिने, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास चेंडूचे खेळ, उड्या आणि दोरीवरच्या उड्या असा वजन पेलायला लावणारा व्यायाम दिला गेला, आणि व्यायाम करणाऱ्या मधुमेही मुलांच्या हाडांची घनता निरोगी मुलांच्या बरोबरीने वाढली. हाडावर पडलेला आघात ऑस्टिओसाइट पेशींना जाणवतो, त्या स्क्लेरोस्टिनचा लगाम सैल करतात आणि बांधणी वेग घेते. मधुमेह या यंत्रणेच्या आड येत असला तरी तिला बंद पाडत नाही, असा याचा अर्थ. प्रौढ हाडाच्या एकूण खनिजापैकी सुमारे चौथा हिस्सा उंची सर्वाधिक वेगाने वाढते त्या दोन वर्षांत साठवला जातो, आणि नेमक्या याच वयात, पाचवी-सहावी ते नववीच्या दरम्यान, साखर अचानक उतरेल या धास्तीने मधुमेही मुलांना खेळाच्या तासाला कडेला बसवले जाते. खेळण्याआधी बोट टोचून पाहिलेली साखर, गरज असल्यास एखादे केळे वा दोन बिस्किटे, खिशात ग्लुकोजची पुडी आणि ती कधी द्यायची हे ठाऊक असलेले क्रीडाशिक्षक एवढी सोय असली, की ही मुले लंगडी आणि खो-खो इतरांसारखीच खेळू शकतात.